टरफलांचं वाडगं

परसात कोंबड्या पाळायला लागून वर्ष होत आलं होतं. आईला आता घरची पिल्लं हवी होती. तांबडी कोंबडी खुडूक झाल्यावर तिने नऊ अंडी तिच्याखाली ठेवली. पण रोज एक अंडं कमी होऊ लागलं. मुंगूसच असणार असं धरून मी खुराड्याला जाळी ठोकली, फटी बुजवल्या, नवी कडी लावली. पाचव्या सकाळी दार उघडलं आणि हात कडीवरच राहिला. तांबडी स्वतःच्या अंड्याला चोच मारून बलक पीत होती.

शेजारच्या मावशींनी कुंपणापाशी येऊन आईला विचारलं, "अंड्यांची टरफलं घालत होतीस ना गं हिला?"

"हो. अंड्यांचं कवच घट्ट होतं म्हणून."

"चुरून?"

"नाही. तशीच."

"मग अंड्याची चव तूच लावलीस बाई! मुंगसाला कशाला शिव्या?"

जाळी पक्की होती. राखण करताना आपण बाहेरच पाहतो. आत रोज प्रेमाने काय वाढतो, ते तपासत नाही.

तांबडीने चोच मातीला पुसली आणि ती आईकडे धावली. आईच्या हातात आजच्या टरफलांचं वाडगं होतं.