गच्चीवर हवा फितूर झाली

पृथ्वी गोल आहे हे आमच्या सोसायटीला मान्य आहे. तो गोलपणा आमच्या गच्चीलाही लागू आहे, हे मात्र नाही.

मी हौशी रेडिओवाला, रीतसर परवान्यासकट. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या वायरलेस कंपनीत अख्खी नोकरी माझ्या शेजारच्या टेबलावर काढलेला मित्र निवृत्त होऊन डहाणूला गेला. त्याच्याशी बोलायला मी डोंबिवलीत आमच्या गच्चीवर उंच खांब रोवून वर अँटेना चढवली. कमिटीला तो खुपला. म्हणे इमारतीची शोभा जाते. वाळत घातलेल्या चादरींनी जात नाही ती!

"फोन करा ना काका," सेक्रेटरी म्हणाला.

फोन काय, कुणीही करतं!

मी समजावलं, रेडिओच्या या लहरी सरळ जातात आणि जमीन पुढे खाली वळत जाते. अँटेना खाली आणली, तर माझा आवाज डहाणूपर्यंत पोचणारच नाही.

"दाखवा. नाही पोचला तर खांब राहील. पोचला तर उतरवायचा."

मी फुशारकीने थंडीतल्या रविवारची सकाळ ठरवली. सगळी कमिटी गच्चीवर जमली.

"अहो, कारखान्यांचा धूर बघा, वर जातच नाहीये. आडवाच पसरलाय," बायको म्हणाली.

"तू चहाचं बघ."

खांबावरून मित्र ऐकू आला. मग मी ऐटीत अँटेना उतरवून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली.

"अरे, आता तर मघापेक्षा खणखणीत येतोयस! केलंस काय?" डहाणूहून मित्र.

"काका, पार्किंगमध्ये ठेवा, अमेरिका लागेल!" सेक्रेटरी.

खाली गार हवा आणि वर उबदार हवेचा थर असला की लहरी खाली वाकतात, जमिनीच्या वळणाबरोबर लांब जातात. तो धूर तेच सांगत होता. आणि हे मी नोकरीत नव्या पोरांना शिकवलेलं!

"दुपारी असं होणार नाही!" मी ओरडलो.

"मग सकाळी बोला."

खांब उतरला. उन्हाळाभर खुर्चीवरून हाका मारल्या, डहाणू गप्प. आणि दिवाळीत बघतो तर काय, तोच खांब गच्चीवर उभा, टोकाला सोसायटीचा भलामोठा आकाशकंदील!

"उंचावर असला की लांबून दिसतो, काका," सेक्रेटरी समजावत होता.

मला!