पालथं करा आधी

कुणी जुना लष्करी बिल्ला समोर धरला की सर हात पुढे करायच्या आधीच म्हणायचे, "पालथं करा आधी." पुढची बाजू माणसं चिंच लावून घासतात, टाचणी, कड्या, कारखान्याचा शिक्का सगळं मागे असतं आणि काळ तिथंच कळतो, असं त्यांचं म्हणणं. सर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. नांदेडात त्यांची-आमची भिंत एक. असा एखादा छंदिष्ट शेजारी तुम्हीही पाहिला असेल.

निलंग्याचा एकजण आजोबांचा निजामी बिल्ला घेऊन ऐटीत आला होता. सरांनी भिंगातून पाहिलं. "आजोबा भरती कुठं झाले होते, जत्रेत? या टाचणीला अजून मिसरूड फुटलं न्हाई." पाहुणा ओशाळला, मग हसत चहाला बसला.

इस्लापूरच्या मावशी आल्या तेव्हा मी तिथं नसतो तर बरं झालं असतं.

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पितळी बिल्ला होता. सोनाराने मागून लाख भरलेली. नवरा बांगलादेशच्या लढाईत बेपत्ता झाला. बऱ्याच वर्षांनी पलटणीतला एक सोबती हा बिल्ला घेऊन आला. म्हणाला, तो माझ्यासमोर पडला, त्याच्या वर्दीवरचा हा जपून ठेवला होता. आता गावात हुतात्म्यांचा खांब उभा राहत होता आणि नाव कोरायला खूण हवी होती.

सरांनी मेणबत्तीवर लाख मऊ केली, काडीने हलकेच काढली. खाली शिक्का निघाला, शिक्क्यात साल. सरांनी भिंग लावून ते साल पुन्हा वाचलं.

"काय हाय, गुरुजी?"

"मावशी, हा लढाईनंतर बनलाय. लई नंतर."

"म्हणजे?"

"आणणाऱ्यानं दुसराच दिला असंल. न्हाईतर..."

"न्हाईतर ते जिते होते." मावशींचा आवाज चढला नाही. "हा आला त्या दिवशी मी कुंकू पुसलं, गुरुजी. तवर कुणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं."

सरांच्या हातातली काडी तशीच राहिली. मला आजही त्यापुढचं काही आठवत नाही.

सर त्या सोबत्याचं गाव हुडकत एसटीने गेले. तो कधीच वारला होता. त्यानंतर कुणी बिल्ला आणला तर सर तो होता तसाच तळहातावर धरायचे आणि म्हणायचे, "छान आहे. सांभाळा."

गेल्या महिन्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. भिंतीपलीकडून सरांच्या बायकोची, काकूंची हाक आली तेव्हा मला वाटलं, नळाला पाणी आलं असेल.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. जमलेल्या बायकांना त्यात काही वाटलं नाही; त्या मावशींना ओळखत नव्हत्या. मी मात्र दारातच थबकलो.

"खांबावर नाव टाकू दिलं न्हाई मी," मावशी काकूंना म्हणाल्या.

काकूंचं कपाळ कोरं होतं. त्या मावशींच्या कपाळाकडे पाहत राहिल्या. मग सतरंजीवर थोडं सरकून त्यांनी जागा केली.