फाटकातली चादर

"बिच्चम्मा," गार्ड म्हणाला. सोड बाई, असं.

मला वाटलं पदराची गाठ सोडायला सांगतोय. सोडली. सुपारीचं खांड होतं, ते दाखवलं. त्यानं मान हलवली आणि काठीनं माझ्या डोक्याकडे दाखवलं.

केस सोडायचे होते. फाटक सताड उघडं. बाहेर लॉऱ्यांची रांग, ड्रायव्हर बिड्या ओढत बसलेले. फाटकाच्या आत जमिनीवर एक पांढरी चादर पसरलेली आणि तिच्या कडेला आम्ही बायका, ओळीनं. एकेकीनं पुढं व्हायचं, अंबाडा सोडायचा, कमरेत वाकायचं, केस उलटे टाकून चादरीवर झटकायचे. मग गार्ड लाकडी फणी द्यायचा. सगळ्यांत मिळून एकच. ती मुळापासून फिरवायची. चादरीवर पिवळसर भुसा पडायचा, चिमूटभर. तो मागाहून गोळा करून सरकारी पोत्यात टाकायचे, कारण तो चंदनाचा होता.

माझा कामाचा पहिला दिवस, संध्याकाळी घरी निघायची वेळ. लग्नाला सात वर्षं झालेली, दोन पोरं. परक्या पुरुषासमोर मी कधी केस सोडले नव्हते. आमच्यात बाईचे केस सुटतात ते न्हाताना, नाहीतर घरात मढं असताना. मी वाकले. डोकं खाली, ढुंगण लॉऱ्यांकडे. कुणीतरी शीळ घातली. फणीत माझ्या आधीच्या बाईचे केस अडकलेले होते, तीच फणी मी माझ्या डोक्यातून फिरवली.

कोठी म्हणजे चंदनाचं सरकारी गोदाम. जंगलखातं झाड मुळासकट उपटायचं, खरं तेल मुळातच असतं म्हणून. हुणसूरच्या, कोट्याच्या रानातनं लॉऱ्या भरून यायच्या. पुरुष वरचं पांढरं लाकूड तासून आतला गाभा काढायचे. आम्ही बायका ढलपे वेचायचो, भुसा चाळायचो, पोती भरायचो. लिलावाला कुठून कुठून व्यापारी यायचे. त्या लाकडाचं तेल व्हायचं, साबण व्हायचा, उदबत्ती, मूर्ती, देवळातलं गंध. अख्खं म्हैसूर त्या रानावर जेवत होतं. सरकारचा खजिना तर पहिल्या पंगतीला. आम्ही उष्टी काढणाऱ्या.

आणि झाड सरकारचं. तुमच्या परसात उगवलं तरी सरकारचं. आधी राजाचं होतं, राजा गेला, मग यांचं झालं. आमचं कधीच नव्हतं. पाखरानं बी टाकून न्हाणीमागं रोप आलं की माझी सासू ते दिसताक्षणी उपटून चुलीत घालायची. उद्या कुणी चोरून तोडलं तर पोलीस आपल्या दारात, म्हणायची. बरोबरच होतं तिचं.

आम्ही इथले जुने मराठे. सासऱ्यांचे पणजे राजाच्या घोडदळात होते. दसऱ्याला एक गंजकी तलवार पुसून पूजायची आणि वर्षभर तिच्या बढाया मारायच्या. नवरा छापखान्यात होता. यंत्रात त्याचा हात सापडला, बोटं गेली, काम गेलं. तेव्हा त्या तलवारीनं काही घरात पीठ आणलं नाही. मी आणलं. सासू गल्लीत सांगायची, "सून फॉरेस्ट आपीसात आहे." अय्यो, आपीस! चादरीचं मी घरात कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगून काय, तो अर्ध्या हाताचा माणूस रडला असता.

बन्नूरहून बसनं येणारी सिद्दम्मा माझ्या शेजारी चाळायला बसायची. चौदा वर्षं झाली होती तिला तिथं. मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तिनं पहिल्याच आठवड्यात शहाणं केलं. तेल लावू नको, तेलाला भुसा चिकटतो, मग फणी दोनदा. फूल माळू नको, फूल उसवून बघतात. झालं. सवाष्ण बाई मी, मल्लिगेच्या, मोगऱ्याच्या गावात राहून डोकं कोरडं आणि बोडकं. दोन वर्षांत केसांचा काथ्या झाला. सिद्दम्माचे तर पुढचे केस फणीनंच गेले होते. तिला विचारलं, राग येत नाही का गं? म्हणाली, पहिल्यांदा यायचा, नंतर आपले हातच करतात.

व्यापारी गाभ्याचा तुकडा उचलून हुंगायचे आणि रुमालात बांधून न्यायचे. एकदा कोठीच्या साहेबांच्या पाहुण्या बायका आल्या. डोक्यात हातभर गजरे. ढलप्यांच्या राशींतून हिंडल्या, साड्यांना भुसा लागला म्हणून खिदळल्या आणि त्याच फाटकातून मोटारीत बसून गेल्या. त्या येताना दिसल्या तशी गार्डनं चादर गुंडाळून बाजूला घेतली होती. आता रानात चंदन औषधाला उरलं नाही म्हणतात. असेल. आमच्या केसांतून नाही गेलं ते.

तेव्हाही मी गप्पच राहिले. लपवत नाही. पोट होतं.

मग नणंदेच्या मुलीचं लग्न आलं. रविवार होता, लग्नाची चौल्ट्री, म्हणजे कार्यालय, माणसांनी भरलेली. मी कधी नव्हे ते केसांना तेल लावलं होतं, गजरा माळला होता. नवरदेव दाराशी आला म्हणून आम्हा सवाष्णींना स्वैपाकघरातून बोलावलं. मी ओळीत शेवटची. दारात परटानं नवरदेवासाठी पायघडी घातलेली, पांढरी शुभ्र. परीट पागोटं बांधून कडेला उभा. पुढच्या बायका एकेक करून बाजूला झाल्या आणि माझ्यासमोर ती पांढरी चादर आली.

माझे हात वर गेले. कुणी काही बोललं नव्हतं. मी गजरा ओढला, आकडे काढले, अंबाडा सोडला, कमरेत वाकले आणि नवरदेवाच्या पायघडीवर केस झटकले. एकदा, दोनदा. मग फणीसाठी हात पुढे केला. परीट माझ्याकडे बघत राहिला. त्या रिकाम्या हाताकडे बघितल्यावर मला कळलं मी कुठं आहे.

वाजंत्री थांबली. मुलाकडची एक म्हातारी अपशकुन, अपशकुन म्हणत मागं सरली. नणंदेचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात माझी सासू पुढं झाली. हुशार बाई. कपाळावर हात मारून ओरडली, "चामुंडी आली गं! अंगात आली!" आणि माझ्या पायावर पडली.

मग काय विचारता. कुणी कुंकू आणलं, कुणी लिंबू, कुणी हळदीचं पाणी. तीच म्हातारी येऊन पाया पडली. मुलाच्या बापानं वाकून विचारलं, आई, काही चुकलं का आमचं? मोकळ्या केसांनी मी त्या चादरीवर बसलेली. ज्या डोक्यावर रोज चोरीचा संशय, त्या डोक्यावर त्या दिवशी फुलं पडली. आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, देवी कुठली, ही सरकारी सवय आहे! नाही सांगितलं. लग्न मोडलं असतं. पण तिथं बसल्या बसल्या माझ्या पोटात जी आग पेटली ती आजतागायत विझलेली नाही. मी कोठीवाल्यांना फक्त केस दिलेत असं समजत होते. त्यांनी माझे हातसुद्धा घेतले होते.

सोमवारी मी तेल लावून गेले. फूलही माळलं. दिवसभर सिद्दम्मा माझ्याकडे बघून डोळे वटारत होती. संध्याकाळी ओळ लागली, माझी पाळी आली. गार्डनं फणी पुढं केली.

"नाही सोडणार," मी म्हणाले.

गार्ड तसा वाईट नव्हता. नंजनगूडची गाडी धरायची असायची त्याला रोज. कुजबुजला, आवर की बाई, मागं ओळ आहे. मी हलले नाही. मग साहेबांना बोलावलं. ते आले, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चोरी लपवायची असली की यांना लाज आठवते."

मी म्हणाले, "साहेब, सकाळपासून तुम्ही राशीपाशी उभे होतात. तुमच्या टोपीवर भुसा आहे. ती आधी चादरीवर झटका. मग मी."

त्यांचा हात टोपीपर्यंत गेला होता. मी बघितला. तो त्यांनी खाली घेतला.

"नाळेइंद बरबेड," म्हणाले. उद्यापासून यायचं नाही.

माझ्या मागं सिद्दम्मा होती. तिनं केस सोडले, वाकली. तिच्या मागचीही वाकली. मला पाठीमागून फणीचा आवाज ऐकू येत होता. मी बांधल्या डोक्यानं फाटकाबाहेर आले आणि हेब्बाळच्या रस्त्याला लागेपर्यंत रडले.

चार दिवसांनी गार्ड घरी आला, निरोप घेऊन. साहेब म्हणतात, एकदा सगळ्यांसमोर सोड, मग परत घेतो. तेव्हा घरात सगळं कळलं. नवरा भिंतीकडे तोंड करून बसला. सासू म्हणाली, एकदाच म्हणतात ना, एकदा वाकून काय झिजतं? पोरं काय खाणार?

तिचं खोटं नव्हतं. चुलीवर त्या दिवशी नाचणीची पेज होती आणि तीही पातळ. मी गार्डला पाणी दिलं. सांगितलं, "माझे हात कामाला आहेत, म्हणावं. डोकं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले. बन्नूरची बस आली. सिद्दम्मा उतरली, मला बघून चपापली. मी म्हणाले, एकटी नाही म्हणाली तर घरी घालवतात. सगळ्या नाही म्हणाल्या तर भुसा कोण चाळणार? साहेब? ती माझा हात सोडवत म्हणाली, "तुला काय तंगी, तू सुटलीस. आम्हाला पोट आहे."

"मलाही आहे," मी म्हणाले. "उद्याही येणार मी इथं. परवाही. ती चादर उचलेपर्यंत."

ती मान खाली घालून कोठीच्या वाटेला लागली. पुढच्या बसनं आणखी दोघी यायच्या होत्या. मी थांबले.