चांगला पाय कुठला?

अरेरा कॉलनीतल्या एका दवाखान्यात त्या बाई आम्हाला भेटल्या, तेही एकदाच. आईचे गुडघे बदलायचे होते. डॉक्टरांनी नेहमीसारखे हाताने बदलायचे की रोबोटच्या मदतीने, यावर घरात वाद चालू होते आणि तोवर आई भीतीने चालणंच सोडत चालली होती.

बाकावर शेजारी बसलेल्या त्या बाईंचा एक गुडघा जुन्या पद्धतीने बदललेला, दुसरा रोबोटने. आईने विचारलं, "चांगला कुठला?"

त्यांनी आईचा हात धरून आधी एका गुडघ्यावर ठेवला, मग दुसऱ्यावर. "ओळखा."

आईला ओळखता येईना.

"सुरुवातीला रोबोटवाला कमी दुखला हो," त्या म्हणाल्या. "इथे शिकवतात, जिना चढताना चांगला पाय आधी टाका. आता चांगला कुठला, तेच आठवत नाही!"

त्यांचा नंबर लागला. लिफ्ट समोर उघडी असताना त्या पदर खोचून जिन्याकडे वळल्या आणि कठड्याला हातही न लावता वर गेल्या. आम्ही दोघं बघतच राहिलो.

"आधी कुठला पाय टाकला, बघितलंस?" आईने विचारलं.

"नाही गं."

"मीपण नाही," आई म्हणाली. "जा, डॉक्टरांकडून तारीख घे."