बोलोन्या आणि चौथं वर्ष

मुलीने आतल्या खोलीतून आरोळी ठोकली, "पप्पा, बोलोन्या!" आणि मला ऐकू आलं, "पप्पा, बोलू नका!" मी तेव्हा कॉलेजच्या क्लार्कशी फोनवर तिचा चौथ्या वर्षाचा प्रवेश पक्का करत होतो. आज्ञाधारक बाप म्हणून वाक्य अर्धं सोडून फोन कापला. तिकडे तो बिचारा "साहेब, विषय कोणता लिहू?" असं हवेलाच विचारत राहिला असेल.

चौथ्या वर्षाचं खूळ माझंच. पोरीने नंदुरबारात तीन वर्षांची बी.एस्सी. केली आणि पुढच्या शिक्षणासाठी इटलीत अर्ज टाकला. तर नवापूरचे माझे साडू, पोल्ट्रीवाले, म्हणाले, "भाऊ, बाहेर तीन वरीसनी डिग्री चालस नही. अंडं एकवीस दिनमा फुटस. अठराव्या दिनले फोडं तर पिलू हाते लागी का?" कोंबडीच्या दाखल्यापुढे माझं काय चालणार! आपल्याकडेही आता चौथं वर्ष निघालंय, तेव्हा मी पोरीला सांगून टाकलं, एक वर्ष थांब. चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. नुसती मोबाइलमध्ये डोकं घालून वाचत बसायची.

आत गेलो तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, बोलोन्या म्हणजे इटलीतलं शहर!" मग दुसरीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. पूर्वी युरोपात ज्या त्या देशाची डिग्री निराळी, कुठे चार वर्षं, कुठे पाच. एकाची दुसऱ्याला कळायची नाही. मग देशोदेशीचे मंत्री त्या शहरात बसले, आणि हळूहळू बहुतेकांनी तीन अधिक दोन असा हिशोब धरला. "आणि हा तिथल्याच विद्यापीठाचा मेल. माझी तीन वर्षं चालतात. प्रवेश मिळाला, पप्पा!"

मेल दोनदा वाचला आणि खुर्चीत बसलो तो बसलोच. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं. माझ्या शहाणपणाच्या तावडीतून पोरीचं एक वर्ष सुटलं होतं.

साडूंना कळवलं. ते म्हणाले, "तठलं अंडं उबवानं मशीन भारी व्हई."

स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "वरीस वाचनं!"

ती म्हणाली, "तुमनं वाचनं. मी तर आखो एक वरीस पोर घर ऱ्हाई म्हनीसन खुश व्हतू. जाऊ द्या, बरं व्हयनं. आते तिले भाकर शिकाडाले दोनच महिना शेतस. उठा, चक्कीवर जाईसन ज्वारी दयी आना."