मडगाव शाखा

हे मी कुणालाच बोलले नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही, नातवंडांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मारेगावात मी विम्याची एजंट होते. पन्नाशीची बाई, डोळ्यांवर गॉगल, ओठांना लाली — अन् अक्कल? ती बहुतेक घरीच राहायची. हापिसात कॉम्प्युटरवर नसरीन बसायची, गॅरेजवाल्या शेखभाईंची पोरगी. रोज बजावायची, "काकू, मेल कोठून आला तो पत्ता पुरा वाचत जा. पासवर्ड मांगला अन् घाई केली, तर चोरच समजा."

"तू मले शिकवून राह्यली काय वं? तुह्या जन्माच्या आधीपासून पॉलिश्या इकून राह्यली मी!"

त्या वर्षी कापसावर बोंडअळी होती. औषध फवारता फवारता विषबाधेनं माणसं जात होती. मुकुटबनच्या कमलचा नवरा तसाच गेला. तिच्या दाव्याचे कागद मीच भरले.

अन् हापिसच्या पत्त्यावर मेल आला — उत्कृष्ट एजंटांच्या यादीत माझं नाव! संध्याकाळच्या आत पासवर्ड टाकून नक्की करा. शाखा लिहिली होती मडगाव. दुसऱ्या कुणाला तिथंच शंका आली असती. मला? मी हसले. मारेगावचं मडगाव करणं ही तर मोठ्या साहेबांची जुनी खोड. आमची पत्रं गोवा फिरून यायची. म्हटलं, चूक आहे म्हणजे नक्की हेडहापिसचाच! नसरीन डबा खायला गेली होती. तिच्याच कॉम्प्युटरवर मी हापिसचा पासवर्ड टाकला.

आठवड्यानं कमलला फोन गेला. नवऱ्याचं नाव, पॉलिसीचा नंबर, सगळं बिनचूक. मोबाइलवर आलेला आकडा मागितला. तिनं का देऊ नये? दाव्याचे पैसे खात्यात येऊन एक दिवस झाला होता — गेले.

चौकशीचे साहेब आले. "मेल कुणी उघडला?" किती सोपा प्रश्न!

"कॉम्प्युटर तर नसरीनच पाह्यते ना, साहेब."

शब्द खरे होते — तेवढी हुशारी बरी होती माझ्यात. नसरीन माझ्याकडे पाहत राहिली. मी पर्समध्ये किल्ली शोधत बसले.

तिला काढलं. शेखची पोरगी चोरांना सामील, असं गाव बोललं. ठरलेली सोयरीक मोडली.

परवा यवतमाळच्या दवाखान्यात एक बाई माझ्यासाठी बाकावरून उठली. "काकू, बसा न. मी नसरीन."

मी तिला नीट पाहिलं.

"कोण नसरीन?" म्हटलं, अन् बसले.