सहा टेबलं आणि एकच पासवर्ड

तो तपास विसरावा असं मला पुष्कळदा वाटतं. निवृत्तीनंतर खुनाचे, दरोड्यांचे तपशीलसुद्धा पुसट झाले. हा मात्र जात नाही. ह्यात मी कायद्याने कुठे चुकलो हे कुणाला दाखवता येणार नाही, आणि तरी एक सरळ माणूस माझ्याच हातून मोडला.

तेव्हा मी रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. एका दुपारी ठाण्यात एका बाईचा निनावी फोन आला. शहरातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजचा उद्याचा पेपर आजच मुलींच्या मोबाइलवर फिरतोय, एवढं सांगून त्या बाईने फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि आम्ही कॉलेजवर गेलो. प्राचार्यबाईंनी पेपर समोर ठेवला. एका मुलीच्या मोबाइलवरच्या फोटोशी तो शब्द न् शब्द जुळत होता. फिर्याद त्यांनीच दिली. कॉम्प्युटरचा गुन्हा निरीक्षकानेच तपासायचा असतो, म्हणून तो माझ्याकडे आला. मला कॉम्प्युटरमधलं कळत किती होतं, तर ईमेल उघडता येत असे.

ऑफिसच्या मागच्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना टेकून एक कळकट मशीन चालू होतं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. बाहेर सहा टेबलांवर विंडोजचे सहा कॉम्प्युटर, पण फाइली सगळ्या ह्या एका मशीनमध्ये. ही व्यवस्था ऑफिसातल्या एका क्लार्कने एकट्याने बसवली होती. चाळिशीचा माणूस. मुंबईतली नोकरी सोडून वडिलांच्या आजारपणामुळे इकडे आलेला. संस्था नवीन सर्व्हर घेईना, तेव्हा ह्याने भंगारात निघालेलं मशीन दुरुस्त केलं, लिनक्स फुकट मिळतं म्हणून ते घातलं आणि सगळ्यांचं काम चालू ठेवलं. इतक्या वर्षांत एक फाइल हरवली नाही, असं प्राचार्यबाई स्वतः म्हणाल्या.

कुठली फाइल कुणी, किती वाजता उघडली, ह्याची नोंद ते मशीन ठेवत होतं. माझ्यासोबतच्या महिला शिपायाने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. तिने ती वाचून दाखवली. पेपरची फाइल दोन दिवसांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास उघडलेली, आणि पुढे नाव त्या क्लार्कचं. मशीन जप्त करायला हवं होतं. पण प्राचार्यबाई म्हणाल्या, "साहेब, हे नेलंत तर परीक्षेचं सगळं काम बंद पडेल हो." मी ऐकलं. दोन पंचांसमोर नोंदींची प्रत काढली, पंचनामा केला आणि क्लार्कला गाडीत बसवलं.

ठाण्यात त्याला समोर बसवून विचारलं, "हे नाव तुमचंच ना?"

"माझंच. पण साहेब, सगळेच माझ्या नावाने आत जातात ओ."

"म्हणजे?"

"प्रवेशाच्या दिवसांत विंडोजचे कॉम्प्युटर नवीन केले, आणि ते सर्व्हरला जोडूनच घेईनात. बाहेर पालकांची रांग. बाई डोक्यावर उभ्या. मग मी सगळीकडे माझंच नाव आणि पासवर्ड टाकून दिला. म्हटलं, प्रवेश संपले की प्रत्येकाचं वेगळं करीन. ते राहूनच गेलं."

"मग कुठल्या टेबलावरून फाइल उघडली ते तरी कळेल?"

"ती नोंद मी बंद केलीवती. डिस्क लहान आहे. भरली की मशीन अडतं."

मला ही थाप वाटली. आरोपी नेहमी असंच काहीतरी सांगतो, आणि तीस वर्षं मी तेच ऐकत आलो होतो. तरी प्राचार्यबाईंसकट ऑफिसातल्या पाचही जणांना बोलावलं, वेगवेगळं बसवलं आणि जबाब घेतले. पाचही जणांनी सांगितलं, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे. बाईंनी तर कागदच आणून दिला. आपला पासवर्ड स्वतंत्र असून तो दुसऱ्याला दिलेला नाही, असं लिहून त्याखाली सहाही जणांच्या सह्या. त्यात आरोपीचीही.

"ही सही कुणाची?" मी विचारलं.

"कॉलेजच्या तपासणीला बाहेरून माणसं यायची होती. बाई म्हणाल्या, करा सह्या. सगळ्यांनी केल्या."

माझे हवालदार संगमेश्वरकडचे, जुने माणूस. बाहेर आल्यावर म्हणाले, "सायब, ह्यो मानूस तसला नाय." मी म्हटलं, तुम्ही तोंडं बघून तपास करता, मी कागद बघून करतो. ह्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

विश्वासघाताचं कलम लावलं. न्यायालयाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. कोर्टात नेताना तोंडावर फडकं होतं, पण आपल्याकडे माणूस चालण्यावरून ओळखतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची, भात आणि कुळथाचं पिठलं. एकदा तिने मला विचारलं, "ह्यांच्या बाबांना काय सांगू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई नोंदींची ताजी प्रत आणायला कॉलेजवर गेली. परत आली ती सरळ माझ्या केबिनमध्ये. "सर, काल दुपारी साडेबाराला हा माणूस कुठे होता?"

"इथे. माझ्यासमोर."

तिने कागद पुढे केला. काल साडेबाराला त्याच्याच नावाने एक फाइल उघडलेली होती. एकला दुसरी, चारला तिसरी. तो माझ्यासमोर बाकावर बसलेला असताना त्याच्या नावाने अख्खं ऑफिस कामाला लागलं होतं, आणि त्यात त्या लोकांना काही वावगं वाटलं नव्हतं.

पाचही जणांना पुन्हा बोलावलं. नोंदींचा हा कागद बघून त्यातल्या वयस्कर बाई रडायला लागल्या. "साहेब, आम्ही सही केली होती ना. खरं बोललो तर सही खोटी ठरली असती, नोकरी गेली असती." पेपर फोडणारा ह्या पाचांतला एकच असेल. बाकीचे चौघे फक्त आपापली सही वाचवत होते. प्राचार्यबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

पुराव्याअभावी त्याला सोडायचा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला. खरा गुन्हेगार सापडला नाही. सहा टेबलं, एकच पासवर्ड, मी कुणावर बोट ठेवणार? गुन्हा खरा पण आरोपी मिळत नाही, असं लिहून फाइल बंद झाली. कॉलेजने त्याला परत घेतलं नाही, आणि बाकीच्या पाचांच्या नोकऱ्या टिकल्या.

ह्या तपासाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. आरोपी सांगतो ते आधी तपासून बघावं आणि मग अविश्वास ठेवावा, हे मी नव्या अधिकाऱ्यांना सांगतो. ते मान डोलावतात. पण शिकलो मी आणि किंमत मोजली त्याने, असल्या शिकण्याला काय करायचं?

माझी निवृत्ती दोन महिन्यांवर असताना तो ठाण्यात आला. गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळत होतं, त्यासाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता. केस पांढरे झाले होते. वडील गेले, तो कोठडीतून सुटल्यावर महिन्याभरात. हे मी विचारल्यावर त्याने सांगितलं, आपणहून नाही.

तो दाखला मीच भरायचा होता. पूर्वी अटक झाली आहे काय, असा एक रकाना असतो. पेन उचलून मी थांबलो.

"लिहा साहेब. झाली होती ना," तो म्हणाला. "सोडलं, तेपण लिहाल ना?"

मी दोन्ही लिहिलं. "सोडलं" हे मोठ्या अक्षरात, खाली रेघ ओढून. त्याने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला नमस्कार केला.

आठवड्याने मीच त्या हॉटेलला फोन केला. मॅनेजर अदबीने बोलला. म्हणाला, "माणूस चांगला वाटला साहेब, पण त्या रकान्यात 'होय' आहे."